शुक्रवारची क्विझ: मुलांची शब्दसंपत्ती वाढावी म्हणून मी वर्गात नेमकं काय काय करते

सहावीच्या गणिताच्या घटक चाचणीला मी सुपरव्हिजनला होते. प्रश्न साधाच होता, समीर आणि विनय यांची वयं अनुक्रमे १२ आणि १५ वर्षं आहेत, वगैरे. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "बाई, यातला अनुक्रमे कोण?" वर्ग हसला, मीही हसले, आणि मग स्टाफरूममध्ये चहा घेताना ते हसू उतरलं, कारण याच पोराला मी आदल्या आठवड्यात सूर्याचे समानार्थी शब्द विचारले होते आणि त्याने रवी, भास्कर, दिनकर, आदित्य, मित्र असे धडाधड म्हणून दाखवले होते. म्हणजे मित्र म्हणजे सूर्य हे त्याला पाठ, आणि रोजच्या गणितात येणारा अनुक्रमे मात्र त्याच्या लेखी कुणीतरी तिसरा मुलगा.

तेव्हापासून मी वर्गात शब्दांची छोटी छोटी क्विझ घ्यायला लागले. पहिल्या वर्षी बऱ्याच गोष्टी चुकल्या, आता घडी बसलीये. बरेच जण विचारतात की बाई तुम्ही ते नक्की कसं करता, तर म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढावं. मी मराठी शिकवते, सहावी-सातवीला, मराठी माध्यम, वर्गात ४६ मुलं, तास ३५ मिनिटांचा. तुमचं गणित वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहते.

आधी एक गोष्ट पटवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट

क्विझ म्हटलं की आपल्या डोक्यात परीक्षाच येते, म्हणजे शिकवून झालं, आता किती आलं ते बघू. शब्दांच्या बाबतीत उलटं आहे. आठवायचा प्रयत्न करणं हाच शिकण्याचा भाग असतो. २००८ साली कार्पिके आणि रोडिगर या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट दिले, उदाहरणार्थ माशुआ म्हणजे होडी (मला लगेच आपला मचवा आठवला, ते असो). एकदा शब्द बरोबर सांगता आला की काही मुलांना तो पुन्हा विचारलाच नाही, काहींना मात्र येत असला तरी परत परत विचारत राहिले. एक आठवड्याने बघितलं तर पुन्हा पुन्हा विचारलेल्या मुलांना साधारण ८० टक्के शब्द आठवले, आणि विचारणं थांबवलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. येणारे शब्द नुसते परत वाचायला दिले की नाही, त्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. आणि गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल असा मुलांचाच अंदाज विचारला, तर सगळ्या गटांनी जवळपास निम्मे असंच सांगितलं होतं. म्हणजे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही की कशाने टिकतंय.

आपण काय करतो? धड्याखालचे शब्दार्थ वहीत उतरवून घेतो, फार तर पाच पाच वेळा लिहायला लावतो. हाताला व्यायाम होतो. डोक्यातून शब्द ओढून बाहेर काढायची वेळ त्या पोरावर येतच नाही, ती थेट सहामाहीच्या पेपरला येते आणि तोपर्यंत सगळं साफ झालेलं असतं.

पायरी १: शब्द निवडणं (सगळ्यात जास्त वेळ इथे घाला)

आठवड्याला ८ शब्द, जास्त नाही. पहिल्या वर्षी मी हौसेने २० घेतले होते, दोन आठवड्यांत पोरं आणि मी दोघंही दमलो. ८ शब्द म्हणजे वर्षाचे ३० आठवडे धरले तरी २४० होतात, आणि पक्के २४० शब्द म्हणजे चेष्टा नाही.

कुठले ८? मी ढोबळमानाने तीन ढीग करते. एका ढिगात पोरांच्या तोंडात असलेले शब्द, पाणी, भांडण, पळणे, ते शिकवायची गरज नाही. दुसऱ्या टोकाला विषयाचे खास शब्द, प्रकाशसंश्लेषण, लसावि, अक्षांश, ते त्या त्या विषयाचे शिक्षक शिकवतातच. मधला ढीग मात्र कुणाचाच नसतो. अनुक्रमे, पुरेसा, परिणाम, प्रमाण, तुलना, दुर्मिळ, सवलत, संबंधित, साधारणतः, अभाव, मर्यादा. हे शब्द इतिहासात येतात, विज्ञानात येतात, पेपरात येतात, रेशनकार्डाच्या अर्जावर येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की ते पोरांना माहीतच असणार. भाषेच्या धड्याखाली शब्दार्थ दिलेले असतात तेही बहुतेक वेळा तरू, विहंग, अवनी असे कवितेतले असतात. ते वाईट नाहीत, पण ८ पैकी १ पुरे.

मी स्टाफरूममध्ये एक साधी वही ठेवलीये, गणित-विज्ञान-भूगोलाच्या सर-मॅडमनी मुलं ज्या शब्दाला अडली तो तिथे लिहायचा. आधी कुणी लिहीना, मग मीच रोज मधल्या सुट्टीत वही घेऊन मागे लागले. आता आपणहून लिहितात. भूगोलाच्या सरांनी एकदा 'विरळ' लिहिला होता. विरळ लोकवस्ती म्हणजे वाईट लोकांची वस्ती असं निम्म्या वर्गाला वाटत होतं!

आणखी तीन सूचना. दिसायला-ऐकायला सारखे शब्द एकाच आठवड्यात घेऊ नका. अपेक्षा आणि उपेक्षा मी हौसेने एकत्र शिकवले, परिणाम असा की वर्षअखेरपर्यंत पोरं दोन्हींत गोंधळत राहिली. आता अपेक्षा जुलैत, तो पक्का झाला की उपेक्षा थेट दिवाळीनंतर. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच, चढण आणि उतार दोन्ही आधीपासून माहीत असतील तर ठीक, पण दोन्ही नवे असतील तर एक आज, एक महिन्याने. दुसरं, ८ मध्ये निदान एक वाक्प्रचार आणि एक-दोन क्रियापदं असू द्या, नुसती नामं आणि विशेषणं नकोत. तिसरं, शब्दाची छटा तुम्हाला स्वतःला नीट सांगता येत नसेल तर आधी कोशात बघा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट शोधता येतात. मी भोळा, भाबडा आणि बावळट यातला फरक पोरांना सांगायच्या आधी अर्धा तास त्यात घालवला होता, आणि तो अर्धा तास मजेत गेला.

पायरी २: सोमवारी शब्द दाखवायचा, अर्थ सांगायची घाई नको

न शिकवलेल्या शब्दाची क्विझ घेणं म्हणजे नुसता छळ. सोमवारी १० ते १२ मिनिटं द्यायची. शब्द फळ्यावर, मग दोन वाक्यं, ज्यातून अर्थाचा वास येईल. वेंधळा हा शब्द असेल तर "आमचे काका इतके वेंधळे आहेत की चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात." मग मुलांना विचारायचं, काय असेल? दोन-तीन उत्तरं येतात, वेडा, म्हातारा, विसरभोळा. मग आपण मुलांच्या भाषेत अर्थ सांगायचा, कोशातला नाही. आणि लगेच त्यांचं काहीतरी मागायचं, "तुमच्या घरात वेंधळं कोण?" यावर जो गोंधळ होतो तो होऊ द्या, तिथेच तो शब्द रुजतो. आठही शब्दांना इतका वेळ मिळत नाही, मी ४ सोमवारी आणि ४ मंगळवारी घेते.

घरचा शब्द आधी विचारायला विसरू नका. खुरपणी शब्द आला तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी भांगलण सांगितला, आणि ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली बीडकडची एक मुलगी म्हणाली, "आमच्यात खुरपणीच म्हणतात बाई, भांगलण काय ते?" विदर्भातून बदलून आलेल्या सरांनी निंदण सांगितलं. फळ्यावर तिन्ही लिहिले. ही मुलगी तोपर्यंत वर्गात एक अक्षर बोलली नव्हती.

पायरी ३: रोज तीन मिनिटं पाटीवर

बुधवार-गुरुवार पाटीची क्विझ. हो, साधी पाटी, खडूवाली किंवा ती प्लास्टिकची. मी अर्थ किंवा प्रसंग सांगते, मुलं शब्द लिहितात, मी "एक, दोन, तीन, पाट्या वर" म्हणते आणि एका नजरेत ४६ उत्तरं दिसतात. हात वर करा म्हटलं की पहिल्या दोन बाकांवरची तीच ती सहा पोरं उत्तर देतात आणि आपल्याला वाटतं वर्गाला आलं. पाटीने ती फसवणूक थांबते. तीन शब्द, तीन मिनिटं, बास. हजेरी घेऊन झाली की लगेच घ्या, तासाच्या शेवटी ठेवलीत तर ती रोज राहणार.

तीन आकडे म्हणायच्या आधी दहा सेकंद गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, निदान मला तरी. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपण पहिलं अक्षर सांगून टाकतो. पण पोरं डोळे वर करून छताकडे बघतात ना, त्या दहा सेकंदांत सगळं काम चाललेलं असतं.

पायरी ४: शुक्रवारची क्विझ

१० प्रश्न, ७ ते ८ मिनिटं. त्यातले ५ या आठवड्याचे, ३ मागच्या आठवड्याचे, २ महिन्यापूर्वीचे. एक वेळ बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे ५-३-२ सोडू नका. फक्त या आठवड्याचे शब्द विचारले तर मुलं गुरुवारी रात्री रट्टा मारतात आणि शनिवारी विसरतात. जुना शब्द कधीही उगवू शकतो हे कळलं की त्यांना तो टाकून देता येत नाही.

कागद पाठकोरे. शाळेच्या ऑफिसात एका बाजूने कोरे कागद ढिगाने पडलेले असतात, एका पानाचे चार तुकडे करायचे. प्रश्न मी फळ्यावर लिहीत नाही, वाचून दाखवते, प्रत्येक दोनदा. झेरॉक्सचा खर्च शून्य.

आता प्रश्न कसे काढायचे, कारण सगळी मजा (आणि सगळी चूकही) तिथेच आहे. "पुढील शब्दांचे अर्थ लिहा" हा सगळ्यात आळशी प्रश्न. त्यापेक्षा अर्थ किंवा प्रसंग द्या आणि शब्द मागा. पर्याय दिले की ओळखायचं काम उरतं, आठवायचं नाही, म्हणून पर्याय कमीत कमी, फार तर पहिलं अक्षर द्या. आणि वाक्प्रचाराला "वाक्यात उपयोग करा" तर कधीच नाही. पोरं बिलंदर असतात, "कानाडोळा करणे या वाक्प्रचाराचा अर्थ बाईंनी आम्हाला सांगितला" असं लिहून मोकळी होतात, आणि चूक तरी काय म्हणणार? प्रसंग द्या: आईने सात हाका मारल्या, दादा मोबाईलमधून मान वर करेना, शेवटी आईने काय केलं? हात टेकले.

माझा आवडता प्रकार म्हणजे चालेल की नाही चालेल. "आजीने चुलीवर दुर्मिळ चहा केला." चालेल का? नाही म्हणणाऱ्याने कारण सांगायचं. मागच्या वर्षी एक जण हट्टाला पेटला की चालेल, कारण त्याच्या आजीने चहा सोडलाय आणि ती वर्षातून एकदाच करते. दिला बाबा तुला बरोबर.

शब्दांची शिडी हा दुसरा. गार, कोमट, गरम, कढत, क्रमाने लावा. पावसाचं भुरभुर, रिमझिम, मुसळधार. यात छटा कळते, जी अर्थ लिहून कधीच कळत नाही. मग शब्दाचा जोडीदार: निर्णय करतात की घेतात? लक्ष देणे, लक्ष ठेवणे, लक्ष वेधणे, तिन्हींत काय फरक? शपथ घेणे कुठे आणि शपथ खाणे कुठे? हिंदी कार्टून बघून बघून पोरं "मी निर्णय केला" लिहितात, त्याला हा उतारा चांगला. आणि महिन्यातून एकदा शब्दाचं खानदान: लेखन दिला की लेखक, लेखणी, लेखी, आलेख, उल्लेख, शिलालेख असे जितके येतील तितके. बे- लावून बेफिकीर, बेसावध, बेजबाबदार, गैर- लावून गैरहजर, गैरसोय, गैरसमज. एक मुलगा बेडूक पण म्हणाला होता, आणि त्यावर बे काढला तर डूक उरतो का आणि डूक म्हणजे काय, यावर पाच मिनिटं गेली. पण त्यानंतर बे- कुणी विसरलं नाही.

एक पूर्ण नमुना देते, म्हणजे कल्पना येईल. या आठवड्याचे ८ शब्द होते सवलत, दुर्मिळ, अनुक्रमे, पुरेसा, वेंधळा, हिरमुसणे, कुजबुज, हात टेकणे. त्यातले पाचच शुक्रवारी विचारले, उरलेले तीन पुढच्या शुक्रवारच्या ३ मध्ये जातात.

१. एसटीत बायकांना अर्धं तिकीट पडतं. म्हणजे त्यांना तिकिटात काय मिळते? स-ने सुरू.
२. चिंचेखाली दुर्मिळ चिंचा पडल्या होत्या, सगळ्यांनी खिसे भरून घेतल्या. चालेल का? का?
३. सीमा, रेश्मा आणि अब्बास यांनी अनुक्रमे ३, ५ आणि २ लाडू खाल्ले. रेश्माने किती?
४. वेंधळा माणूस पावसाळ्यात काय काय करेल? एक वाक्य.
५. सहलीचा डबा भरून तयार, आणि सकाळी कळलं सहल रद्द. मुलं काय झाली? हि-ने सुरू.
६. गार, कढत, कोमट, गरम: कमी ते जास्त लावा.
७. त्याचा घसा बसला होता म्हणून तो बोलला नाही, मला वाटलं तो चिडलाय. माझा काय झाला?
८. आईची माझ्याकडून एकच ____ असते, डबा संपवून यावा.
९. आजी साबणाचा उरलेला तुकडा नव्या साबणाला चिकटवते. ही काटकसर की कंजुषी? कारण लिहा.
१०. पंगतीत "अजून एक जिलेबी घ्याच" म्हणणारे काय करत असतात?

नवव्या प्रश्नावर वर्ग उभा फुटला. काटकसर म्हणणारे आणि कंजुषी म्हणणारे, दोन्हीकडे आज्या. मी तास त्यातच जाऊ दिला.

पायरी ५: तपासणं तिथल्या तिथे

कागद घरी न्यायचे नाहीत. ४६ कागद शनिवार-रविवारी तपासून सोमवारी दिले की पोरांना तोपर्यंत प्रश्नही आठवत नाही. क्विझ संपली की लगेच पेन खाली, रंगीत पेन्सिल हातात, आणि मी एकेक उत्तर सांगते, ज्याचं त्याने तपासायचं. अदलाबदल करून तपासणं मी बंद केलं, त्यात मैत्री आणि दुष्मनी दोन्ही निभावल्या जातात. चुकलं तिथे बरोबर शब्द शेजारी लिहायचा, एकदाच. दहा वेळा लिहायची शिक्षा नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मी उत्तर बरोबर धरते आणि वेलांटी सुधारून घ्यायला सांगते, अपवाद फक्त जिथे वेलांटीने अर्थ बदलतो तिथे, म्हणजे दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत. शुद्धलेखनाला वेगळा दिवस आहे, इथे त्याची भीती घातली की मुलं माहीत असलेला शब्दही लिहीत नाहीत, सोपा शोधतात.

मार्कांचं काय?

नाही धरायचे. कुठेही नाही. पहिल्या वर्षी मी १० पैकी मार्क देऊन यादी लावली, आणि तिसऱ्याच आठवड्यात कॉपी सुरू झाली, तळहातावर 'सवलत' लिहिलेला मी स्वतः बघितला. मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंचा मेसेज, "मॅडम, आमच्या बाळाला ६ च का, शेजारच्याला ९ कसे?" त्या रात्री यादी काढून टाकली. आता वहीच्या शेवटच्या पानावर ज्याने त्याने तारीख आणि आपला आकडा लिहायचा, मी मागत नाही. मला फक्त एकच गोष्ट हवी असते: कुठला शब्द किती जणांचा चुकला. "सातवा कुणाचा चुकला?" हात वर. मोजायचं, लिहायचं. मार्क जात नसल्याने पोरं खरा हात वर करतात. निम्म्याहून जास्त हात आले तर चूक माझी, तो शब्द सोमवारी परत शिकवायचा.

कुणी म्हणेल मार्क नाहीत तर पोरं करतीलच कशाला. माझा अनुभव वेगळा आहे. क्विझ बुडाली तर "बाई, आज राहिली" म्हणून तीच आठवण करतात, अर्थात त्यात बाकीचा तास टळावा हाही हेतू असतोच, मी काही भाबडी नाही.

पायरी ६: लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके

चुकलेले शब्द परत यायला हवेत, आणि कधी ते आपल्या लक्षात राहत नाही. त्यासाठी सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत आहे, मी ती आपल्या पद्धतीने वापरते. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो, पुठ्ठा जाड, मागची बाजू कोरी. कापायच्या, एका बाजूला प्रसंग किंवा अर्थ, दुसऱ्या बाजूला शब्द. मिठाईचे तीन खोके. नवा शब्द पहिल्या खोक्यात, त्यातलं कार्ड रोजच्या पाटीला येऊ शकतं. वर्गाला शब्द आला की दुसऱ्यात, तिथून शुक्रवारच्या ३ साठी. तिथेही आला की तिसऱ्यात, तिथून महिन्याचे २. कुठेही आपटला की थेट पहिल्या खोक्यात परत. कार्ड काढायचं काम रोज हजेरी नंबरप्रमाणे एका मुलाचं. 'परिणाम' हा शब्द आमच्याकडे पाच वेळा पहिल्या खोक्यात परत आला, शेवटी त्या कार्डाला पोरांनी नापास्या असं नाव ठेवलं.

वाचायला अडखळणारी मुलं

सातवीतही असतात, लपवण्यात अर्थ नाही. त्यांना लिहिता येत नाही म्हणून शब्द येत नाही असं समजू नका, बऱ्याचदा त्यांचीच बोलीतली शब्दसंपत्ती सगळ्यात जास्त असते. पाटीवर पहिलं अक्षर लिहिलं तरी चालेल, मी जवळ जाऊन कानात विचारते. शुक्रवारी जोडीने बसायचं, एक सांगेल, दुसरा लिहील, पण लिहिणाऱ्याने आपलं उत्तर घालायचं नाही. घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं, गोरमाटी, पावरी, हिंदी, त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात आपल्या भाषेतला शब्द लिहायचा, म्हणजे आठवायला एक खुंटी मिळते. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या, एकट्याला उभं करून विचारायचं नाही. ते आपल्याला शाळेत केलं होतं म्हणून आपणही करतो, आणि त्यातून फक्त शिक्षकाची भीती शिकली जाते.

पायरी ७: दिवाळीनंतर प्रश्न मुलांनी काढायचे

दुसऱ्या सत्रात पाच-पाच जणांचे गट, दर आठवड्याला एका गटाने ३ प्रश्न काढून गुरुवारी मला दाखवायचे. सुरुवातीला "सवलत म्हणजे काय?" असलेच येतात, परत पाठवायचे, "प्रसंग सांगा." मग हळूहळू भारी यायला लागतात. कुजबुजवर एका गटाने विचारलं होतं, "बाई फळ्याकडे वळल्या की वर्गात काय सुरू होते?" बरोबर उत्तर काढायचं तर प्रश्न काढणाऱ्याला शब्द आतून-बाहेरून कळावा लागतो, त्यामुळे खरा फायदा त्या गटालाच होतो. गटांनी घरचा एक शब्द आणायचा असंही मी घातलंय. कोरड्यास, पाचट, पाभर, कुळव. यातले दोन मला माहीत नव्हते, आणि ते मी वर्गात कबूल केल्यावर पोरांचा आनंद बघण्यासारखा होता.

मोबाईलचं थोडक्यात

कहूट (मोबाईलवर क्विझ घ्यायचं ॲप) मस्त आहे पण प्रत्येकाच्या हातात यंत्र लागतं, आमच्याकडे ते शक्य नाही. प्लिकर्स नावाच्या दुसऱ्या ॲपमध्ये मुलांकडे फक्त छापलेली कार्डं आणि शिक्षकाकडे एक फोन पुरतो, मुलं कार्ड ज्या बाजूने धरतील तसं उत्तर फोन वाचतो. महिन्यातून एकदा बदल म्हणून ठीक. पण दोन्ही मुख्यतः पर्यायी प्रश्नांवर चालतात, म्हणजे ओळखणं आलं, आठवणं नाही. रोजच्यासाठी पाटीच बरी.

कुठे गाडी घसरते

सुट्ट्या. श्रावण-भाद्रपदात शुक्रवार एकामागून एक उडतात, तेव्हा क्विझ सोमवारी घ्या पण सोडू नका, आणि नवे शब्द ८ ऐवजी ४ करा. गॅदरिंगच्या पंधरवड्यात तर मी नवे शब्दच देत नाही, फक्त खोक्यातली जुनी कार्डं. परीक्षेच्या आधी मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन पूर्ण करा, हे बाजूला ठेवा. तेव्हा मी तीन मिनिटांची पाटी तेवढी चालू ठेवते, तेवढ्याने पोर्शन काही अडत नाही. दुसरी घसरण म्हणजे मागच्या वर्षीचे प्रश्न जसेच्या तसे वापरणं. मोठ्या भावंडांकडून ते बाहेर फुटलेले असतात, आणि पोरांना शब्दाऐवजी प्रश्नच पाठ होतो. शब्द तोच ठेवा, प्रसंग बदला.

उपयोग होतोय की नाही हे क्विझच्या आकड्यावरून मी बघतच नाही. निबंधाच्या वह्या बघते, आणि मधल्या सुट्टीत कान उघडे ठेवते. शिकवलेला शब्द न सांगता निबंधात आला की त्याच्याखाली हिरवी रेघ, शेरा वगैरे काही नाही. दिवाळीपर्यंत रेघा जवळपास नसतात, धीर सोडू नका, जानेवारीत यायला लागतात.

एप्रिलमध्ये तिन्ही खोकी पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना द्यायची, म्हणजे जूनमध्ये ती कार्डं पुन्हा विचारता येतात. यावर्षी आमची खोकी आठवीच्या वर्गात गेली. तो अनुक्रमेवाला पोरगा आता तिथे आहे, आणि पहिल्याच दिवशी कार्ड काढायचं काम त्याने मागून घेतलं. नापास्या अजून पहिल्याच खोक्यात आहे.